वासरू पाजणारी गाय वेळेत माजावर यावी म्हणून

माणदेशातली खिलार, मराठवाड्यातली देवणी आणि लाल कंधारी, नाशिक-अहिल्यानगरच्या डोंगरपट्ट्यातली डांगी या गाई प्रामुख्याने खोंडासाठी, म्हणजे पुढे बैल होणाऱ्या नर वासरासाठी, पाळल्या जातात. दूध दुय्यम असते, वासरू दिवसभर आईजवळ असते आणि खुराक बहुतेक वेळा बैलांच्या वाट्याला जातो. अशा गाईचा व्याल्यानंतरचा माज, म्हणजे गाय वळू घ्यायला तयार असते तो काळ, लांबतो. सात-आठ महिने वाट पाहून मग इंजेक्शनसाठी डॉक्टरांना बोलावले जाते, पण तोवर निम्मे वर्ष वाया गेलेले असते. माज लांबण्याची दोन कारणे सगळ्यात जास्त आढळतात: गाय विताना रोड होती, आणि वासरू सतत सडाला होते. ही दोन्ही कारणे औषधाशिवाय दूर करता येतात.

आधी हिशेब. गाईचा गाभणकाळ साधारण 280 ते 285 दिवसांचा. म्हणून दोन वेतांतले अंतर तेरा-साडेतेरा महिन्यांवर ठेवायचे, तर व्याल्यापासून चार महिन्यांच्या आत गाय गाभण राहायला हवी. गर्भाशय पूर्ववत व्हायला 40-45 दिवस लागतात, त्याआधी माज दिसला तरी भरवू नये, म्हणजे वळू लावू नये किंवा रेतन करू नये. समजा गाय 15 जूनला व्याली, तर 30 जुलैपर्यंत फक्त नोंद ठेवायची आणि 14 ऑगस्टनंतर, म्हणजे 60 दिवस झाल्यावर, दिसेल त्या माजाला भरवायचे. 13 सप्टेंबरपर्यंत, म्हणजे 90 दिवसांत, एकही माज दिसला नाही तर तपासणी करून घ्यायची. या तारखा गोठ्यातल्या कॅलेंडरवर गाय व्याली त्याच दिवशी लिहून टाकाव्यात.

विण्याआधीचे तीन महिने

सगळ्यात मोठा फरक इथे पडतो, आणि नेमके इथेच दुर्लक्ष होते. गाय दूध देत नाही म्हणून या काळात नुसत्या कडब्यावर ठेवली जाते. पोटातल्या वासराची बहुतेक वाढ शेवटच्या दोन-तीन महिन्यांत होते आणि त्यासाठी गाय स्वतःच्या अंगावरची चरबी मोडते. व्याल्यानंतर कितीही चारले तरी पोषण आधी दुधाकडे वळते, अंगावर उशिरा चढते आणि माजाचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. शरीरात ऊर्जेची तूट असताना मेंदूकडून बीजकोशाला (अंडाशयाला) मिळणारे संप्रेरकाचे इशारे विरळ होतात. बीजकोशात बुडबुडे वाढतात, पण त्यातले एकही फुटून स्त्रीबीज बाहेर पडत नाही.

गाईची अंगलट नुसती नजरेने ठरवू नका, केस वाढलेले असले की नजर फसते. गाईच्या बाजूला उभे राहून तळहात शेवटच्या तीन-चार बरगड्यांवर सपाट ठेवा. बरगड्या न दाबता बोटांना टोचत असतील, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खोल खळगे असतील आणि कमरेच्या आडव्या हाडांची टोके धारदार लागत असतील, तर पाचपैकी दोनच गुण. थोडे दाबल्यावर बरगड्या लागतात आणि खळगे उथळ झालेत, तर तीन गुण. विताना गाय तीन ते साडेतीनवर हवी. चारच्या वर गेलेली गाय विताना अडते, पण खोंडासाठी पाळलेल्या गाईत हा प्रश्न क्वचितच येतो.

साधारण 350 किलोच्या गाईला एक गुण चढायला जवळपास 30 किलो वजन वाढावे लागते. रोज अर्धा किलो वाढ धरली तरी दोन महिने जातात. म्हणूनच पारख विण्याच्या तीन महिने आधी करायची. दोन गुणांची गाय असेल तर चाऱ्यावर रोज दीड ते दोन किलो खुराक तेव्हाच सुरू करावा. पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच विणाऱ्या, गाईला अर्धा किलो जादा द्या, कारण तिची स्वतःची वाढ अजून चालू असते. माज सगळ्यात जास्त लांबतो तो पहिलारूंचाच.

व्याल्यानंतरचे दिवस

वार, म्हणजे गर्भाभोवतीचे आवरण, आठ ते बारा तासांत पडायला हवी. अडकली तर ओढू नका, तिला दगड किंवा जोडा बांधू नका. ओढल्याने गर्भाशयाला इजा होते, तुकडे आत राहतात आणि पुढे पू धरतो. बारा तास उलटले की डॉक्टरांना कळवा. वार उघड्या हाताने उचलू नये, सांसर्गिक गर्भपाताचे जंतू माणसालाही बाधतात. हातमोजे घालून ती खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी.

पहिले दोन आठवडे योनीतून तांबूस-तपकिरी स्राव येतो, तो दुर्गंधी नसेल तर काळजीचे कारण नाही. घाण वास, 103 अंश फॅरनहाइटच्या वर ताप, किंवा तीन आठवड्यांनंतरही पांढरट पूमिश्रित स्राव ही गर्भाशयदाहाची लक्षणे आहेत. उपचार तेव्हाच झाले तर गर्भाशय वेळेत आवरते. अंगावर काढले तर हीच गाय पुढे माजावर येऊनही उलटत राहते, म्हणजे भरवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येते.

तीन लिटरच्या आसपास दूध वासराला पाजणाऱ्या गाईला रोज 10 ते 15 किलो हिरवा चारा, 5-6 किलो कुट्टी केलेला कडबा आणि अडीच ते तीन किलो खुराक लागतो. घरचा खुराक शंभर किलोचा करायचा तर मका किंवा ज्वारीचा भरडा 35 किलो, शेंगदाणा किंवा सरकी पेंड 30 किलो, गव्हाचा कोंडा 32 किलो, खनिज मिश्रण 2 किलो, मीठ 1 किलो. इतक्या खुराकातून 50-60 ग्रॅम खनिज मिश्रण पोटात जाते, वेगळे द्यायची गरज उरत नाही. कडब्यात स्फुरद फार कमी असते, ते पेंड आणि कोंड्यातून भरून निघते. टंचाईत उसाचे वाढे एकट्याने चारू नयेत. त्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. वाढे द्यावेच लागले तर कुट्टी करून, त्यावर चुन्याची निवळी शिंपडून आणि दुसऱ्या चाऱ्यात मिसळून द्यावेत.

वासराचे पाजणे

दूध काढल्याने माज जितका दबतो, त्याहून जास्त तो स्वतःचे वासरू सडाला लागल्याने दबतो. गाय वासराला नजरेने आणि वासाने ओळखते, आणि त्या ओळखीचाही त्यात वाटा असतो. त्यामुळे वासरू शेजारच्याच खुंटाला बांधून उपयोग होत नाही, ते नजरेआड हवे.

पहिला महिना वासराला मनसोक्त पिऊ द्या. तिसाव्या दिवसानंतर दोनच वेळा सोडा, सकाळी आणि संध्याकाळी, अर्धा-अर्धा तास. उरलेला वेळ ते दुसऱ्या खोलीत किंवा आडोशाला ठेवा. तिथे स्वच्छ पाणी, कोवळा हिरवा चारा आणि ओंजळभर भरडा असावा. वासरू अशक्त असेल किंवा त्याला हगवण असेल, तर आधी ते बरे करा. जंताचे औषध वेळेवर दिलेले असावे, नाहीतर पाजणे कमी केल्यावर ते मागे पडते.

शक्य असेल तर याच सुमारास गाईला वळूच्या जवळपास वावरू द्या. वळूच्या सहवासाने वासरू पाजणाऱ्या गाई लवकर माज दाखवतात. मात्र गावभर फिरणाऱ्या वळूकडून रोग येतात. तपासलेला वळू नसेल तर भरवण्यासाठी त्याच जातीच्या वळूची रेतमात्रा घेऊन कृत्रिम रेतन करणे चांगले.

माज ओळखणे

देशी गाईचा माज सौम्य आणि थोडा वेळ असतो, अनेकदा रात्रीच सुरू होऊन ओसरतो. व्याल्यानंतरचा पहिला माज तर बहुधा मुकाच जातो, म्हणजे बाहेर लक्षणे दिसतच नाहीत. दावणीला बांधलेल्या गाईला दुसरीवर उडायला जागाच नसते, म्हणून पहाटे आणि रात्री झोपण्यापूर्वी वीस मिनिटे गाई मोकळ्या सोडून पाहा. दुसरी गाय अंगावर उडाली तरी जी स्थिर उभी राहते, ती माजावर आहे. योनीतून येणारा काचेसारखा पारदर्शक, लोंबणारा सोट (चिकट स्राव) हे दुसरे खात्रीचे चिन्ह. गाय बसलेली असताना तो जमिनीवर सांडतो, उठवल्याबरोबर त्या जागी पाहा. शेपटीला वाळून चिकटलेला चकचकीत थर दिसला तर माज नुकताच होऊन गेला असे समजा. रक्ताचा डाग दिसला तर माज एक-दोन दिवसांपूर्वी संपलाय, आता भरवून काही होणार नाही. तारीख लिहा आणि अठराव्या दिवसापासून पुन्हा लक्ष ठेवा.

सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. रेतकांडी (गोठवलेल्या वीर्याची नळी) 37 अंश सेल्सिअसच्या कोमट पाण्यात 30 सेकंद वितळवायची असते. ती खिशात किंवा हातावर चोळून वितळवली जात असेल तर तिथेच थांबवा, त्याने बरेच शुक्राणू मरतात.

औषधाची वेळ

90 दिवस होऊनही माज नसेल तर डॉक्टर गुदमार्गे हात घालून बीजकोश तपासतात. बीजकोशावर पीतपिंड (स्त्रीबीज बाहेर पडल्यावर तिथे तयार होणारी गाठ) असेल तर माज मुका जातोय, तिथे ती गाठ विरघळवणारे प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन उपयोगी पडते. बीजकोश गुळगुळीत आणि शांत असतील तर ते इंजेक्शन वाया जाते. तिथे प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे साधन योनीत सात ते नऊ दिवस ठेवतात, आणि ते काढल्यावर वासरू 48 तास वेगळे ठेवले तर गुण चांगला येतो. या दोन दिवसांत दूध काढून वासराला भांड्यातून पाजावे आणि कास ताठरली आहे का ते पाहावे. हे सारे किमान अडीच गुणांच्या गाईला लागू पडते. रोड गाईला आधी दीड-दोन महिने खुराक द्या.

प्रोस्टाग्लँडिन देण्याआधी गाय गाभण नाही याची खात्री हवीच, नाहीतर गर्भ पडतो. गरोदर स्त्रिया आणि दम्याचा त्रास असणाऱ्यांनी हे औषध हाताळू नये, ते त्वचेतूनही शरीरात जाते.

भरवल्यानंतर 18 ते 24 दिवस पुन्हा माजाची पाहणी करा. गाय उलटली नाही म्हणजे गाभण राहिली असे धरून चालू नका, दोन ते तीन महिन्यांत तपासून घ्या. तीनदा भरवूनही उलटणाऱ्या गाईचा सोट तपासायला द्या. आणि गाय गाभण ठरली की वासरू सहा-सात महिन्यांचे झाल्यावर तोडा (त्याचे पाजणे बंद करा), म्हणजे पुढच्या विण्याआधी अंगावर चढायला तिला पुरेसा वेळ मिळेल.