मार्टिन नावाचा माग काढताना

घरात आजोबा किंवा पणजोबा मार्टिन असतील आणि नाव कुठून आलं हे शोधायचं असेल, तर अर्थापासून सुरुवात करू नका. लॅटिन मार्टिनस हे मार्स या रोमन युद्धदेवावरून पडलेलं नाव, मार्च महिनाही त्याचाच. बहुतेक जण एवढं वाचून थांबतात, आणि मला ते खटकतं. पुण्यातल्या कॅथलिक घरात युद्धदेव मनात धरून कुणी बाळाचं नाव ठेवलं नसेल. रामनवमीला जन्मला म्हणून राम, तसं संताच्या सणावरून नाव पडायचं. तेव्हा आधी जन्माची किंवा बाप्तिस्म्याची तारीख शोधा.

घरातल्या सगळ्यात थोरल्या बाईजवळ बसा. बाप्तिस्मा कुठल्या चर्चमध्ये झाला, धर्मपिता (बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची धार्मिक जबाबदारी घेणारे) कोण होते, हे विचारा. धर्मपित्याचंच नाव बाळाला देण्याची चाल होती, त्यामुळे कधी कधी शोध तिथेच लागतो. मग त्या चर्चच्या ऑफिसात जा. पेशव्यांनी दिलेल्या जमिनीवर उभं राहिलेलं नाना पेठेतलं सिटी चर्च असो की कॅम्पातलं एखादं, जाताना आईवडिलांची नावं आणि अंदाजे साल लिहून न्या. नुसत्या आडनावावर रजिस्टर चाळायला सांगणं फादरांवर अन्याय आहे.

जुनी नोंद लॅटिनमध्ये असली तर घाबरू नका. आपल्याकडे ‘मार्टिन’चं ‘मार्टिनचा’ होतं, तसं तिथे मार्टिनसचं मार्टिनी होतं. ‘फिलियस मार्टिनी’ म्हणजे मार्टिनचा मुलगा. मार्टिनी ही वेगळी व्यक्ती नव्हे. याकोबुस दिसला तर घरी तो जेम्स असू शकतो, लुडोविकुस म्हणजे लुईस.

आता तारीख ताडून बघा. 11 नोव्हेंबरच्या आसपासची असेल तर तूरचे संत मार्टिन. जन्म आजच्या हंगेरीत, रोमन सैन्यात शिपाई, आमियँच्या वेशीवर कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्यांनी आपला झगा अर्धा फाडून दिला. पुढे फ्रान्समधल्या तूरचे बिशप झाले, 397 मध्ये वारले. त्यांचा झगा फ्रँक राजांनी जपला आणि त्या भक्तीबरोबर नाव युरोपभर गेलं: इटलीत मार्टिनो, पोर्तुगालात मार्टिन्हो, हंगेरीत मार्तोन. तारीख 3 नोव्हेंबरजवळची असेल तर पेरूमधल्या लिमाचे मार्टिन द पोरेसही तपासा. त्यांना 1962 मध्ये संतपद मिळालं, म्हणून त्यानंतरच्या जन्मांसाठी हा धागा जास्त जवळचा.

घर प्रोटेस्टंट असेल तर वाट बहुधा जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरकडून येते. पण तोही 11 नोव्हेंबर 1483 ला, तूरच्या मार्टिनच्या सणादिवशी, बाप्तिस्मा झाला म्हणूनच मार्टिन. अमेरिकेतले नागरी हक्कांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग जन्माने मायकेल. वडिलांनी 1934 च्या जर्मनी दौऱ्यानंतर ल्यूथरवरून स्वतःचं आणि मुलाचं नाव बदललं.

आडनाव मार्टिन्स असेल तर ते पोर्तुगीज वळणाचं, ‘मार्टिनचा मुलगा’ असं सांगणारं. अशा वेळी पुण्यातल्या नोंदीत गोव्यातल्या मूळ गावाचं नाव शोधा, कारण पुढची पानं तिथल्या चर्चमध्ये, पोर्तुगीज किंवा लॅटिनमध्ये असतील.