विवाहसोहळ्यात आयरिश परंपरांना स्थान देताना

वधू किंवा वर यांच्यापैकी एकाचे मूळ आयर्लंडमध्ये असेल आणि ते नाते सोहळ्यात दिसावे अशी इच्छा असेल, तर सर्वप्रथम प्रथांची यादी छोटी करावी. दोन-तीन प्रथा निवडून, त्यांचा उगम समजून घेऊन त्या मनापासून पार पाडल्या, तर शॅमरॉकची, म्हणजे आयर्लंडचे प्रतीक असलेल्या त्रिदली वनस्पतीची पाने आणि हिरव्या फिती सर्वत्र लावण्यापेक्षा अधिक काही साधते. निवडताना स्कॉटिश आणि आयरिश यांतील भेद अवश्य पाहावा, कारण विवाहसाहित्याच्या बाजारात दोन्हींची सरमिसळ झालेली असते. शपथ घेताना दगडावर हात ठेवण्याची प्रथा स्कॉटलंडशी जोडलेली आहे, तर आयरिश काउंट्यांच्या, म्हणजे जिल्ह्यांच्या नावाने विकले जाणारे टार्टन हे रंगीत चौकटींचे कापड विसाव्या शतकाच्या अखेरीस तयार झालेले आहे. ‘बेल्स ऑफ आयर्लंड’ ही फुले गुच्छात शोभतात. मात्र ती वनस्पती मूळची पश्चिम आशियातील आहे.

क्लॅडा अंगठी हा सर्वांत सोपा आणि अर्थपूर्ण प्रारंभ ठरतो. गॉलवे शहरालगतच्या क्लॅडा या मच्छीमारांच्या वस्तीवरून तिला नाव मिळाले. हृदय धरलेले दोन हात मैत्रीचे, हृदय प्रेमाचे आणि त्यावरील मुकुट निष्ठेचा, असा तिचा रूढ अर्थ आहे. ती कशी घातली आहे यालाही अर्थ आहे: डाव्या हातात हृदयाचे टोक बोटाच्या अग्राकडे असेल तर वाङ्निश्चय झालेला असतो आणि ते मनगटाकडे वळलेले असेल तर विवाह. त्यामुळे वाङ्निश्चयाची अंगठी क्लॅडा असल्यास, विधीच्या वेळी जोडीदाराने ती काढून, फिरवून पुन्हा बोटात घालणे हा स्वतंत्र आणि सुंदर क्षण होऊ शकतो. त्याचा अर्थ पाहुण्यांना एका वाक्यात सांगावा. आयर्लंडमध्ये घडवलेली सोन्या-चांदीची अंगठी हवी असल्यास डब्लिनच्या ‘अ‍ॅसे ऑफिस’चा, म्हणजे धातूची शुद्धता तपासणाऱ्या कार्यालयाचा शिक्का पाहावा. त्यात हायबर्नियाची, म्हणजे आयर्लंडचे प्रतीक असलेल्या बसलेल्या स्त्रीची आकृती असते.

हात बांधण्याचा विधी, म्हणजे हँडफास्टिंग, करताना थोडा प्रामाणिकपणा हवा. काउंटी मीथमधील टेल्टाउन येथे जोडपी हात जोडून एकत्र येत आणि एक वर्ष व एका दिवसानंतर न पटल्यास एकमेकांकडे पाठ करून विरुद्ध दिशांना चालत जाऊन विभक्त होत, अशी लोकस्मृती आयरिश अभ्यासक जॉन ओ’डोनोव्हन यांनी एकोणिसाव्या शतकात नोंदवली. आज रंगीत दोऱ्यांनी केला जाणारा विधी मात्र बराचसा आधुनिक पुनरुज्जीवनातून आलेला आहे, आणि तसे सांगूनच तो करावा. त्याची गोडी त्यामुळे कमी होत नाही. दोरी दोन ते तीन मीटर लांब आणि मऊ असावी. दोन्ही कुटुंबांतील जुन्या वस्त्रांच्या पट्ट्या विणून ती तयार केल्यास अधिक चांगले. अंगठ्यांची देवाणघेवाण आधी उरकावी, कारण बांधलेल्या हातांनी ती जमत नाही. गाठ हातांवरून अलगद निसटून तशीच जपता यावी यासाठी विधी करणाऱ्याने आदल्या दिवशी सराव करावा.

विवाह प्रत्यक्ष आयर्लंडमध्ये होणार असेल, तर हात बांधल्याने कायद्याच्या दृष्टीने विवाह होत नाही हे लक्षात ठेवावे. निबंधकाला किमान 3 महिने आधी सूचना द्यावी लागते. विवाह लावणारी व्यक्ती अधिकृत नोंदवहीत असावी लागते, आणि तिच्यासमोर व किमान 18 वर्षांच्या दोन साक्षीदारांसमोर वधूवरांना ठरलेली कबुली द्यावी लागते. विधीची रूपरेषा त्या व्यक्तीला आधी दाखवावी. विवाह कॅथलिक चर्चमध्ये असेल, तर काय चालेल ते पुरोहितांना विचारूनच ठरवावे.

संगीतावर खर्च करायला संकोच करू नये, कारण माझ्या मते वातावरण त्यानेच घडते. इलन पाइप्स हे वाद्य कोपराने भाता दाबून, बसून वाजवतात. स्कॉटिश बॅगपाइपपेक्षा त्याचा आवाज मृदू असल्याने ते बंद दालनातही शोभते. युनेस्कोने या वादनपरंपरेला 2017 मध्ये आणि आयरिश हार्पच्या परंपरेला 2019 मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. पाइपवादकासाठी हात नसलेली खुर्ची ठेवावी. भोजनानंतर ‘केली’ (céilí) हे आयरिश समूहनृत्य ठेवायचे असेल, तर ‘सीज ऑफ एनिस’ निवडावे: चार-चार जणांच्या रांगा समोरासमोर उभ्या राहतात, ठरलेल्या पावलांनंतर एक रांग दुसरीच्या उंचावलेल्या हातांखालून पुढे सरकते आणि नव्या रांगेला भेटते. अनोळखी पाहुणेही त्यात मिसळतात, पण पावले पुकारून सांगणारा जाणकार मात्र हवाच.

वधूच्या हातात कॅरिकमॅक्रॉस किंवा लिमरिक लेसचा रुमाल देता येतो. पुढे काही टाके घालून त्याची बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी टोपी करतात, आणि ते मूल मोठे होऊन विवाह करील तेव्हा टाके उसवून पुन्हा रुमाल करतात; म्हणून तो शिवताना कापड कापू नये. अनेक कॅथलिक घरांत हवामान चांगले राहावे म्हणून विवाहाच्या आदल्या रात्री बालयेशूची, म्हणजे ‘चाइल्ड ऑफ प्राग’ची मूर्ती घराबाहेर ठेवतात. ही श्रद्धेची गोष्ट आहे. ज्या कुटुंबात ती पूर्वीपासून आहे तेथेच ती ठेवावी, केवळ छायाचित्रासाठी नव्हे.

केक व्हिस्कीत मुरलेल्या सुक्या फळांचा असावा आणि तो सहा ते आठ आठवडे आधी भाजून, अधूनमधून थोडी व्हिस्की शिंपडून घट्ट गुंडाळून ठेवावा. वरचा थर पहिल्या बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी राखण्याची रीत आहे. त्यासाठी तो सोहळ्यात कापू न देण्याची सूचना वाढप्यांना आधीच द्यावी आणि परत आल्यावर त्यावरील आइसिंग काढून केक पुन्हा गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवावा.