ऑडिओमॉथच्या फाईलवर साडेपाच तास मागची वेळ

ऑडिओमॉथ म्हणजे रानात ठेवायचा छोटा आवाज रेकॉर्डर. ठाण्याजवळ येऊरला सकाळी ६ ला दयाळ पक्षी गातोय आणि फाईलच्या नावात मात्र ००३००० (म्हणजे रात्रीचे १२.३०), पहाटे ५.३० आधीच्या फाईलवर तर तारीखच आदल्या दिवशीची! नवे सेल, कार्ड फॉरमॅट, लॅपटॉपचं घड्याळ, सगळं बघून झालं, जाम वैताग आला. रेकॉर्डर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) होता, आपण ५.३० तास पुढे.

आधी सेल बसवा (नंतर काढले की घड्याळ जातं), स्विच यूएसबी/ऑफवर, केबल जोडा, कॉन्फिगरेशन ॲपमध्ये टाइम झोन लोकल करा, मग शेड्यूलच्या वेळा परत तपासा, कॉन्फिगर दाबा, केबल काढा, स्विच कस्टमवर (म्हणजे आपण लावलेल्या शेड्यूलवर). लॅपटॉपचा झोन मात्र भारताचाच हवा, वेळ तिथूनच जाते. जुन्या फाईलींत ५.३० तास मिळवा, तारखेसकट.