मुलांना मोनेची आगीनगाडी दाखवताय? या चुका टाळा

रविवारी सकाळी सात-आठ पोरं जमवून एक चित्र बघायचं, त्यावर गोष्ट रचायची आणि मग रंगवायचं, असं मी बरीच वर्षं करतेय. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकारानं १८७७ साली पॅरिसच्या सँ लाझार स्टेशनची डझनभर चित्रं काढली, त्यातलं म्युझे दॉर्से या पॅरिसच्या संग्रहालयातलं माझं हुकमी. काचेचं छप्पर, वाफेचे लोट, मधे इंजिन. पण पालक घरी करून बघतात आणि 'मुलं बसतच नाहीत हो' म्हणून फोन करतात, आणि चुका दर वेळी त्याच!

पहिली म्हणजे आधी माहिती सांगणं. ही मी स्वतः केलीये. एक पाच वर्षांचा मुलगा चित्र बघून ओरडला, "आग लागलीये, पळा!" आणि मी शहाणी, लगेच "नाही रे बाळा, ती वाफ आहे" म्हणून कोळसा, बॉयलर, इम्प्रेशनिझम (म्हणजे नेमक्या रेघांपेक्षा त्या क्षणाचा उजेड रंगवायची मोनेची शैली) सगळं सुरू केलं. दहा मिनिटांनी तो बुटाची नाडी सोडत बसला होता आणि बाकीचे पाणी प्यायला गेले ते आलेच नाहीत. आता मी विचारते, "मग कोण कोण पळतंय?" आणि गप्प बसते. मुलं त्या पुसट माणसांवर बोट ठेवून एकेकाची गोष्ट सांगतात, एकीनं ठामपणे सांगितलं की हा पळत नाहीये, मावशीला घ्यायला आलाय. वाफेचं नंतर बघू.

दुसरी, काळा खडू. इंजिन म्हटलं की पोरं काळं फासतात आणि मोठी माणसं धुरासाठी वर कापूस चिकटवून देतात, मला त्या कापसाचा भयंकर राग आहे, पाच मिनिटांत 'छान' दिसतं आणि बघणं तिथेच संपतं. याच मालिकेतलं एक चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, त्याचे रंग तपासलेत, तर काळपट भागसुद्धा बहुतेक निळा, हिरवा, लाल असे भडक रंग एकमेकांत मिसळून केलेले. म्हणून मी काळा खडू आधीच डब्यातून काढून खिशात टाकते. रडारड होते, होऊ दे. आणि वाफ पांढरीच असते म्हणणाऱ्याला चहाच्या किटलीपाशी नेते (लांबूनच!), उजेडाच्या खिडकीसमोर तीच वाफ करडी दिसते, काळ्या ओट्यासमोर पांढरी.

छापील आऊटलाईन देऊ नका. मोनेनं रेघा पुसट केल्या आणि तुम्ही त्या परत छापून देताय?

मोबाईलवर दाखवू नका, निदान ए-थ्री प्रिंट काढा.

टर्नर या इंग्रज चित्रकाराची पावसातली रेल्वे यात घुसडू नका, ती १८४४ची, तेव्हा इम्प्रेशनिस्ट हा शब्दच नव्हता.

आणि मोने-माने घोळ. एदुआर माने हा दुसराच फ्रेंच चित्रकार, त्यानं १८७३ मधे त्याच स्टेशनजवळचं चित्र काढलं, बाईच्या मांडीवर कुत्र्याचं पिल्लू झोपलंय, मुलगी पाठमोरी, गज धरून उभी, पलीकडे नुसती वाफ, गाडी दिसतच नाही. गोष्टीसाठी हे मोनेपेक्षाही भारी. आपल्याकडे पालक आधी विचारतात, "माने? आपले माने?" पोरांचा मात्र कधी घोळ होत नाही, एक कुत्र्याचं चित्र, दुसरं धुराचं.