मणक्यात उघडणारा केज बसवायचाय? त्याआधीची तयारी

पहिलं काम सर्जनसोबत. एमआरआय समोर ठेवून विचारा, नेमके कोणते मणके जोडणार आणि केज, म्हणजे दोन मणक्यांमध्ये बसवायचा छोटा आधार, कुठून घालणार: पाठीतून, कुशीतून की पोटातून. उघडणारा केज मिटलेल्या अवस्थेत झिजलेल्या गादीच्या जागी सरकवतात आणि तिथे बसल्यावर त्याची उंची वाढवतात, गाडीखालचा जॅक चढवतात तशी. वाट अरुंद असली तरी चालतं, नसा कमी ओढाव्या लागतात. तरी ठरावीक उंचीच्या साध्या केजपेक्षा तो सगळ्यांनाच सरस ठरतो असं नाही. तेव्हा ‘मला हाच का?’ हे विचारायला अजिबात संकोचू नका.

केज मणक्यांमध्ये फक्त उंची धरून ठेवतो. मणके जोडतं ते त्यांच्यामध्ये वाढणारं हाड, आणि त्याला साधारण सहा महिने ते वर्ष लागतं. म्हणून खरी तयारी हाडांची. वय झालं असेल, पाळी थांबली असेल किंवा स्टेरॉइड बरेच दिवस घेतलं असेल तर डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घ्याच. त्यातला घनतेचा आकडा, म्हणजे टी-स्कोर, उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर हाड ठिसूळ झालेलं असतं. अशा हाडावर केज जास्त उघडला, तर मणक्याचा पातळ पृष्ठभाग दबतो, केज आत रुततो आणि मिळवलेली उंची जाते. अशा वेळी काही महिने हाडांचे उपचार घेऊन मग ऑपरेशन करावं लागलं, तरी तो वेळ वाया जात नाही. ड जीवनसत्त्वही तपासून घ्या.

सिगारेट, तंबाखू बंद. हे मी कळकळीने सांगते आहे, कारण निकोटिनमुळे हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि मणके न जुळण्याची शक्यता वाढते. निकोटिनचा गम किंवा पट्टीसुद्धा सर्जनला विचारूनच. किमान महिनाभर आधी सोडा आणि हाड जुळेपर्यंत हात लावू नका. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणा, नाहीतर जखमेत संसर्गाचा धोका वाढतो.

चालू गोळ्यांचा कागद करा, काढे आणि पूरक औषधंही त्यात लिहा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने थांबवू नका. कधी थांबवायच्या, कधी परत सुरू करायच्या हे लेखी घ्या. वेदनाशामक गोळ्यांचंही तसंच, त्यातल्या काही हाड जुळण्याच्या आड येऊ शकतात. धातूची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगा, केज बहुधा टायटॅनियमचा किंवा पीक नावाच्या प्लास्टिकचा असतो.

घरात रोजच्या वस्तू कमरेच्या उंचीवर आणून ठेवा, सैल गालिचे उचला, कमोडची सोय करा. कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हाताने रेटा देत उठायचा सराव आजपासूनच करा. ऑपरेशननंतर वाकणं, पिळणं, वजन उचलणं बंद असतं, तेव्हा ही सवय लागलेली असली की फार सोपं जातं.

घरी सोडताना केजच्या माहितीचं स्टिकर किंवा कार्ड मागून घ्या. पुढे एमआरआयच्या वेळी ते लागेल. सोबतच्या माणसाला हे पाठ करून द्या: मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा पायातली ताकद गेली, तर सकाळची वाट न पाहता तडक इस्पितळ गाठायचं.