कोळंबी तलावाच्या बांधावर जाण्यापूर्वी

मत्स्यविज्ञानाची पदवी घेऊन पालघर जिल्ह्यातील कोळंबी संवर्धकांना सल्ला देण्याच्या कामावर मी रुजू झालो, तेव्हा पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर अर्धा तास बोलण्याची माझी तयारी होती. पहिल्याच हंगामात एका तलावावर सकाळी अकराला पोहोचलो, मीटर पाण्यात सोडला, विरघळलेला प्राणवायू लिटरमागे 7 मिलिग्रॅम भरला आणि पाणी उत्तम असल्याचा निर्वाळा दिला. "साहेब, कोळंबी पहाटे चारला वर येते; तुम्ही अकराला येता," एवढेच ते वयस्क संवर्धक म्हणाले. वनस्पतिप्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, रात्री प्राणवायू तयार करत नाहीत, उलट वापरतात, आणि म्हणून सूर्योदयापूर्वी तो सर्वांत कमी असतो, हे मी परीक्षेत लिहिले होते. ते घड्याळाशी जोडायला मात्र कोणी शिकवले नव्हते.

म्हणून नव्याने या कामात येणाऱ्यांनी प्रशिक्षणात एखादी तरी पूर्ण रात्र तलावावर काढण्याची मागणी करावी, असे माझे मत आहे. चेक ट्रे, म्हणजे थोडे खाद्य घालून तलावात सोडलेली तबकडी, वाचणे तिथेच जमते: दोन तासांनी ट्रे उचलल्यावर खाद्य उरले आहे का, कोळंबीचे आतडे भरलेले आहे की तुटक, विष्ठेचे पांढरे धागे तरंगतात का. वन्नामेई जातीच्या कोळंबीची वाढ खुंटली असेल तर ईएचपी या सूक्ष्म परजीवीचा संशय घ्यावा, पण निदान पीसीआर चाचणीवरच ठरवावे. त्यासाठी मेलेली नव्हे, मरणासन्न कोळंबी 95 टक्के इथेनॉलमध्ये पाठवावी लागते. मी एकदा फॉर्मॅलिनमध्ये पाठवली आणि आठवडा वाया घालवला.

किनारी जलकृषी प्राधिकरणाचा 2005 चा कायदा, त्यातील 2023 ची दुरुस्ती, नोंदणीचे नियम आणि बंदी असलेली प्रतिजैविके यांचा अभ्यास घरी बसूनही होतो. हिशेबाचे तसे नाही. संवर्धक बहुधा खाद्य उधारीवर देणाऱ्या विक्रेत्याचेच ऐकतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. त्याच्यापुढे आकडा मांडावा लागतो. किलोभर कोळंबीमागे 1.4 ऐवजी 1.7 किलो खाद्य लागले, तर चार टनांच्या पिकाला 1,200 किलो जादा खाद्य जाते. हे गणित तोंडी पटत नाही. त्यामुळे आता कुठेही गेलो की औषधाचे नाव घेण्याआधी मी खाद्याच्या नोंदींची वही मागतो, आणि वही नसेल तर बांधावर बसून तिचे रकाने स्वतः आखून देतो.