कृष्णधवल मिनिमल चित्र: या चुका टाळा

पांढऱ्या कॅनव्हासवर एक काळा आकार, त्यात काय एवढं, म्हणून लोक बसतात आणि सरळ कडेसाठी चिकटवलेली टेप काढल्यावर कपाळाला हात लावतात. कड फुटलेली असते, काळा रंग पांढऱ्यात घुसलेला असतो.

दोष टेपचा नसतो. कॅनव्हासच्या विणीत खळगे असतात; टेप त्यांवर अधांतरी राहते आणि रंग खालून सरकतो. अ‍ॅक्रिलिकसाठी जेसोचे, म्हणजे रंगाआधीच्या पांढऱ्या अस्तराचे, तीन-चार हात द्या, प्रत्येक हात वाळला की ३२० नंबरचा सँडपेपर हलकेच फिरवा. टेप लावून कड नखाने दाबा. मग त्या कडेवर आधी पांढराच रंग लावा, पार्श्वभूमीचा आहे तोच. झिरपायचं ते पांढरं झिरपतं आणि फट बुजते. तो वाळल्यावर काळ्याचे दोन पातळ हात. एकच जाड हात मारून वेळ वाचवणाऱ्यांच्या कडेला हमखास कंगोरा उभा राहतो. शेवटचा हात ओलसर असतानाच टेप मागे दुमडून सावकाश ओढा. रंग पुरता सुकला तर त्याचा पापुद्रा टेपबरोबर निघतो. तरीही कड फुटलीच तर ब्लेडने खरवडू नका. काळं वाळलं की काळ्या बाजूला टेप लावा, कड काळ्याने बुजवा, मग पांढरा मारा.

दुसरी खोड डागडुजीची. फिकट ठिपका दिसला की तेवढ्यावरच ब्रश टेकवायचा! समोरून खपून जातं, तिरप्या उजेडात ठिगळ चमकतं. अख्खा आकार कडेपासून कडेपर्यंत पुन्हा रंगवा, त्याच ट्यूबमधल्या रंगाने. मार्स ब्लॅक चांगला झाकतो, आयव्हरी ब्लॅक त्यामानाने पारदर्शक. एका आकारात दोन्ही नकोत.

तैलरंगात घाई आणखी नडते. खालचा थर कच्चा असताना वरचा सुकला की वरचा तडकतो. रशियन चित्रकार मालेविचचा १९१५चा 'काळा चौरस' जवळून बघा, भेगाच भेगा. तो आधीच्या रंगीत रचनेवर रंगवलेला आहे, आणि ते रंग भेगांतून डोकावतात. जुन्या कॅनव्हासवर काळं फासून नवं चित्र उरकणाऱ्यांनी तर तो बघावाच.

झिंक व्हाइट हा पांढरा पारदर्शक, त्याने पार्श्वभूमी झाकायला जाऊ नका. टायटॅनियम व्हाइट घ्या.

पक्षी, पिंजरा, शिडी आणि तुटकी साखळी एकाच चित्रात कोंबली की मिनिमल संपलं. प्रतीक एकच ठेवा आणि त्याची जागा ठरवायला वेळ द्या. काळ्या कागदाचा आकार कापून कॅनव्हासवर सरकवत तीन मीटरवरून पाहा: तोच ठिपका तळाशी दबलेला वाटतो, वरच्या कडेजवळ सुटू पाहणारा. वर्तुळ पुरं मिटवलं तर पूर्णत्व. बोटभर फट ठेवली तर अर्थ पालटतो. मात्र ती फट मुद्दाम ठेवलेली दिसावी, रंग संपल्यासारखी नव्हे.

शेवटी मॅट व्हार्निश. बाटलीच्या तळाशी बसलेला साका नीट ढवळून घ्या, फेस होऊ देऊ नका आणि पातळच लावा. जाड थर काळ्यावर दुधाळ दिसतो.